असे कुठे असते?

सोलापुरातील सात रस्ता हा चौक नावाला जागणारा आहे. रेल्वे लाईन्सकडून, विजापूर रस्त्याकडून, गावठाणाच्या अंगाने आलेल्या वाटा तेथे एकमेकींना मिळतात. महापालिकेच्या परिवहन सेवेचा डेपो त्याच परिसरात आहे, त्यामुळे थांबलेल्या माणसांची तेथे कधी वाण नसते. थांबलेली माणसे बोलतात, आणि पुष्कळदा आदल्या रात्री पाहिलेल्या चित्रपटाविषयी किंवा मालिकेविषयी बोलतात. ही समीक्षा कोणी लिहून ठेवत नाही. तिच्यात दिग्दर्शकाचे नाव क्वचित येते, छायाचित्रकाराचे कधीच येत नाही. पण एक वाक्य मात्र हटकून येते : "काय बे, आसं कुटं आसतंय का?"

साहित्याच्या वर्गात या वाक्याला आपण फारशी किंमत देत नाही. वास्तव निराळे आणि वास्तवाभास निराळा, कलाकृतीला बाहेरच्या जगाचे माप लावू नये, ती तिच्या अंतर्गत तर्काने तपासावी, असे आपण शिकतो आणि पुढे शिकवतो. ते बरोबरही आहे. मात्र या वाक्याचा इतिहास कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत तो पाहण्याजोगा आहे. कारण येथील माणसे दोनदा, सत्तर वर्षांच्या अंतराने, मोठ्या पडद्यावर गेली आणि दोन्ही वेळा या वाक्याने निरनिराळे काम केले.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. 1925 साली कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' काढला. हा मूकपट. तोवर पडद्यावर देव, राजे आणि ऋषी वावरत होते. त्यांच्याविषयी 'असे कुठे असते' हा प्रश्न संभवतच नव्हता. देवलोकात कसे असते हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हते आणि दिग्दर्शकालाही. 'सावकारी पाशा'त प्रथमच प्रेक्षकाला ठाऊक असलेली गोष्ट पडद्यावर आली : सावकाराच्या कागदाने जमीन गेलेला आणि शहरात गिरणीकामगार झालेला शेतकरी. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी ज्या सोलापुरात होती, तेथे ही कथा कितीतरी घरांची असणार. या शेतकऱ्याचे काम करणारा तरुण नट व्ही. शांताराम होता. अंधाऱ्या झोपडीबाहेर रात्री भुंकणाऱ्या, विव्हळणाऱ्या कुत्र्याचे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ लक्षात राहिले. चित्रपट मुका, म्हणजे कुत्र्याचा आवाज नाहीच. तरी तो ऐकू आला असे वाटावे ही तेथली कारागिरी. प्रेक्षकाने आपल्या स्मरणातला आवाज त्या दृश्याला उसना दिला. वास्तवाभास ही अशी दोघांनी मिळून करण्याची गोष्ट आहे, आणि त्यातला प्रेक्षकाचा वाटा आपण सहसा मोजत नाही.

बारा वर्षांनी, 1937 साली, त्याच शांतारामांनी प्रभातसाठी 'कुंकू' दिग्दर्शित केला. बोलपट आता नाटकी संगीताच्या आहारी गेला असताना त्यांनी पार्श्वसंगीत काढूनच टाकले. घरात, गल्लीत जे आवाज होतात तेवढेच ठेवले. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले जुने भिंतीवरचे घड्याळ त्या चित्रपटात जणू एक पात्र आहे. आज हा चित्रपट पाहताना केशवराव दात्यांच्या मुद्रेइतकेच ते घड्याळ अंगावर येते. ना. ह. आपट्यांच्या मूळ कादंबरीचे नाव 'न पटणारी गोष्ट' असावे हाही एक योगायोगच. न पटणारी गोष्ट पटवायची असेल तर पेटी-तबला बंद करून घड्याळ ऐकू येऊ द्यावे, हे शांतारामांना 1937 सालीच उमगले होते.

हे सारे ठाऊक असलेल्या दिग्दर्शकाने सोलापूरच्या माणसावर चित्रपट काढला तेव्हा काय झाले, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने 1938 साली पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. बाकीचे पुढेमागे परतले. कोटणीस राहिले. सोलापुरात वडील वारल्याची बातमी आली तरी परतले नाहीत. आठव्या मार्ग सेनेबरोबर राहून त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, 1941 साली बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनह्वा ठेवले, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्ही. पी. साठे यांच्यासह त्याची पटकथा केली, आणि 1946 साली शांतारामांच्या राजकमलने 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' पडद्यावर आणली. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांची. (नायकाच्या वडिलांचेही नाव शांतारामच, हे जाता जाता.) चीनला न जाता उभारलेला चीन, हिंदी बोलणारे चिनी सैनिक, चिनी सेनापती झालेले बाबूराव पेंढारकर, चिनी वधू झालेल्या जयश्री. मुंबईहून बोटीवर चढणारा तरुण सत्तावीस वर्षांचा होता आणि तो रंगवणारा नट पंचेचाळिशीकडे झुकलेला. 'कुंकू'तील घड्याळाच्या टिकटिकीपासून हे खूप दूरचे आहे. येथे वसंत देसाईंचे संगीत आहे, भाषणे आहेत, अश्रू आहेत. आणि शेवटी प्लेग आहे. चित्रपटातील डॉक्टर प्लेगच्या साथीशी झुंजतो आणि त्याच रोगाने मरतो.

हा बदल का केला असावा? अपस्माराला आपल्याकडे फेफरे म्हणतात आणि त्या शब्दाभोवती लाजेचे, लपवाछपवीचे वातावरण असते. कांदा, चामड्याचा जोडा नाकाशी धरणे असल्या उपायांचेही. वीरपुरुषाला फेफऱ्याने मृत्यू येणे प्रेक्षकाला पेलणार नाही असा हिशेब झाला असेल. प्लेग मात्र सर्वांच्या ओळखीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात पसरलेल्या साथीने सोलापूरलाही सोडले नव्हते. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेल्यांच्या आठवणी 1946 साली जिवंत होत्या. म्हणजे चित्रपटाने खोटा मृत्यू निवडताना प्रेक्षकाच्या खऱ्या अनुभवाचा आधार घेतला. घडलेला मृत्यू अविश्वसनीय ठरला असता आणि न घडलेला विश्वसनीय ठरला. ॲरिस्टॉटलचे शक्य आणि संभाव्य शिकवताना आम्ही दूरची उदाहरणे कशाला शोधतो कोण जाणे.

त्याहून मोठा बदल अखेरीस आहे. मृत्युशय्येवरचा नायक पत्नीला सांगू लागतो की तू माझ्या घरी जाशील, तेथे असे असेल, तसे असेल; आणि त्याचे शब्द चालू असता पडद्यावर ती तान्ह्या मुलाला घेऊन ते घर गाठताना दिसते. सांगणे आणि होणे यांची सरमिसळ करणारे हे दृश्य कारागिरीच्या दृष्टीने त्या चित्रपटातील सर्वांत धाडसी आहे. ते त्याचे स्वप्न की पुढे घडलेली हकीकत, याची सीमारेषा दिग्दर्शक मुद्दाम पुसट ठेवतो. प्रत्यक्षात क्वो छिंगलान यांनी चीन सोडला नाही. त्या भारतात येऊन गेल्या त्या पुढच्या काळात, पाहुण्या म्हणून. यिनह्वा तर 1967 साली ऐन पंचविशीत वारला. छिंगलान 2012 साली दालियान येथे निवर्तल्या. पण आजही कोटणीसांची गोष्ट सांगताना ते प्लेगने गेले आणि नंतर बायको मूल घेऊन आली, असे सांगणारी माणसे आम्हांला भेटली आहेत, त्यांत शिकलेसवरलेले आहेत. भैय्या चौकातील कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले आहे आणि कोणीही तेथे जाऊन खरे जाणून घेऊ शकतो. तरीही चित्रपटाने दिलेला मृत्यू पक्का बसला आहे.

येथे त्या वाक्याची मौज, किंवा शोकांतिका, लक्षात येते. याच चित्रपटातील हिंदी बोलणाऱ्या चिन्यांना आजचा कोणताही प्रेक्षक हसतो. पण सर्वांत मोठ्या असत्याला कोणी हटकत नाही. सामान्य प्रेक्षक जे अंगाने जाणतो तेवढेच तपासतो. भाषा, चाल, बैल हाकण्याची पद्धत, स्वयंपाकघरातली भांडी यांत त्याला फसवणे कठीण. जे तो ऐकून जाणतो ते तो निमूट स्वीकारतो. पुन्हा प्रतिमा स्वतः काहीच शाबीत करत नाही हेही या चित्रपटाने दाखवून दिले : त्याची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत गेली आणि 1955 च्या सुमारास तीच दृश्ये 'नाइटमेअर इन रेड चायना' अशा भडक नावाखाली तेथे फिरली. कम्युनिस्टांबरोबर राहून मेलेल्या सोलापूरकराची कहाणी कम्युनिस्टविरोधी वाजंत्रीसाठी वापरली गेली. ज्या वर्षी 'कोटनीस' आला त्याच 1946 साली अब्बास यांनीच बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल' दिग्दर्शित केला, तो वास्तववादी म्हणून गाजला. एकाच लेखणीतून एका वर्षात दोन्ही उतरले हे वास्तववादाच्या काटेकोर व्याख्या करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

दूरचित्रवाणीविषयी लांबण लावत नाही. 2016 च्या 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूर आणि 2017 च्या 'लागिरं झालं जी'ने सातारा घराघरांत नेला. त्या मालिकांची बोली अस्सल की शिकवलेली, यावर त्या त्या जिल्ह्यांत भरपूर वाद झाले असतील. सोलापुरी कानाची अडचण आणखी वेगळी आहे. येथल्या एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू नांदतात. एकाच वाक्यात तीन भाषांचे हेल असू शकतात. मालिकेतले 'गावरान' मराठी हे कोणत्याच गावचे नसते. संवादलेखक दोन-चार क्रियापदे वाकवतो आणि गाव झाले असे समजतो. 'आसं कुटं आसतंय' हा आक्षेप येथे अगदी नेमका असतो आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो टिपून घ्यावा अशा योग्यतेचा असतो.

आता करमाळ्याकडे वळू. तालुका सोलापूर जिल्ह्यातलाच, पण उजनीच्या पाणफुगवट्यापलीकडचा, जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. भाषाही नगर-बीडकडे झुकलेली. नागराज मंजुळे तेथले. त्यांचा 'फँड्री' 2013 च्या मुंबई चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि 14 फेब्रुवारी 2014 रोजी चित्रपटगृहांत आला. त्यातला जब्या म्हणजे करमाळा तालुक्यातल्याच केम गावचा सोमनाथ अवघडे, कॅमेऱ्यासमोर कधी न उभा राहिलेला मुलगा. डुक्कर पकडण्याची धांदल चालू असता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. आम्ही येथे एवढेच म्हणतो की त्या दृश्यात खोटे असे काही नाही आणि तरीही ते कमालीचे रचलेले आहे. रचना दिसत नाही, कारण प्रत्येक तपशील, काटेरी झुडपे, कुपाटी, फाटका सदरा, धावणाऱ्याची दमछाक, प्रेक्षकाच्या अंगाला ठाऊक आहे.

29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' आला. अकलूजची रिंकू राजगुरू आणि जेऊरचा आकाश ठोसर, दोघेही सोलापूर जिल्ह्यातले, दोघेही नवखे. करमाळ्याच्या कमलादेवी मंदिरातली छह्याण्णव पायऱ्यांची बारव आता चित्रपटामुळे प्रसिद्ध झाली. आधी ती भाविकांनाच ठाऊक होती. या चित्रपटापुढे मात्र सात रस्त्यावरचा तो प्रश्न गप्प झाला, निदान पूर्वार्धापुरता. लोक उलट सांगू लागले : असेच असते. आर्चीचा ट्रॅक्टर, पाटलाच्या पोराने मास्तरांवर हात टाकणे, क्रिकेटचे सामने, विहिरीत उड्या मारणारी पोरे. पण याच चित्रपटाचे पार्श्वसंगीत थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात, पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेले आहे. करमाळ्याच्या उसाच्या फडावरून व्हायोलिनांचा तांडा जातो आणि कोणाला वावगे वाटत नाही. सोळा-सतराव्या वर्षी प्रेमात पडलेल्या पोराच्या डोक्यात तसेच वाजत असते, हे प्रेक्षकाने मान्य केलेले असते. मग हैदराबादची झोपडपट्टी येते, सिनेमातला सिनेमा संपतो, संगीत विरळ होत जाते. आणि शेवटच्या दृश्यात दिग्दर्शक आवाजच काढून घेतो. लहान मूल दारातून आत येते, परत फिरते, त्याच्या पावलांचे ठसे उमटत जातात. काही ऐकू येत नाही. 1925 च्या मुक्या कुत्र्याची आठवण आम्हांला तेथे झाली. 'कुंकू'ने वाद्ये काढली, येथे मुलाचे रडणेही काढले. 2018 च्या हिंदी 'धडक'मध्ये कथा उदयपूरला गेली आणि शेवटही बदलला. तो येथे पाहिला गेला तेव्हा जुना प्रश्न पुन्हा ताजातवाना होऊन परतला, यात नवल नाही.

पण 'सैराट'च्या शेवटानंतर तेच वाक्य आम्हांला आणखी एका स्वरात ऐकू आले, आणि हा सारा लेख त्या स्वरासाठी लिहिला आहे. पूर्वार्ध पाहून 'अगदी आमच्या गावासारखे' म्हणणारे काही प्रेक्षक शेवटाविषयी म्हणत होते, "हे उगाच वाढवलंय. आमच्याकडं आसं न्हाई होत." तक्रारीची भाषा कारागिरीची होती : शेवट अचानक आहे, भडक आहे, पूर्वार्धाशी जुळत नाही. एखाद्या परीक्षणात शोभेल असा आक्षेप. समोर बसलेल्या आम्हां दोघा-तिघांपैकी कोणी काही बोलले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

करमाळ्याला लागून जामखेड तालुका आहे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. त्यातील खर्डा या गावी 28 एप्रिल 2014 रोजी, म्हणजे 'फँड्री' चित्रपटगृहांत येऊन अडीच महिने झाले असता आणि 'सैराट'च्या आधी दोन वर्षे एक दिवस, एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारात झाल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. खटला उभा राहिला. एकामागून एक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्या वेळी महाराष्ट्रभर 'सैराट'ची गाणी लग्नाच्या वरातींत वाजत होती.

न्यायालयात उभे राहून पाहिले नाही म्हणणारा साक्षीदार आणि चहाचा पेला हातात घेऊन असे होत नाही म्हणणारा प्रेक्षक यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. साक्षीदारावर गावाचे दडपण असते. प्रेक्षकावर काय असते? तरीही दोघांच्या वाक्याची घडण एकच आहे, आणि वर्गात जेव्हा एखादा विद्यार्थी दलित आत्मचरित्रातील प्रसंगावर 'हे अतिरंजित वाटते' असा शेरा लिहितो तेव्हा तो यांतल्या कोणत्या स्वरात बोलतो आहे, हे ओळखणे शिक्षकाला सोपे जात नाही. आम्हांला तरी गेलेले नाही. बैल चुकीचा जुंपला आहे म्हणणारा आणि वेशीबाहेरचा वाडा पडद्यावर नको म्हणणारा, दोघेही वास्तववादाचीच भाषा बोलतात. पहिल्याला तो विषय अंगाने ठाऊक असतो म्हणून तो बोलतो. दुसऱ्यालाही ठाऊक असतो.

कोटणीसांच्या बाबतीत खोटा मृत्यू गोड मानून घेतला गेला, कारण त्यात कोणाला काही चुकते करायचे नव्हते. चीन लांब होता. करमाळा एसटीने काही तासांचा आहे.

मध्यंतरी आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन 'कोटनीस' पाहिला. शेवटचे दृश्य आले, चिनी वधू मूल घेऊन दाराशी उभी राहिली, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आसं झालं न्हवतं ना?" आम्ही नाही म्हणालो. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले आणि मग विचारले, की 'सैराट'मधल्या त्या मुलाचे पुढे काय झाले असेल, त्याला कोणाच्या घरी नेले असेल.